भट्टी विझली की विझवली?

तांबे हा धातू धाराशिव जिल्ह्यात कोठे खणला जात नाही आणि कोठे वितळवलाही जात नाही. तरी त्याच्यावाचून या जिल्ह्याचे पाणी जमिनीबाहेर येत नाही. विंधन विहिरीत सोडलेल्या पाणबुडी मोटारीचे वेटोळे तांब्याच्या तारेचे असते. विजेचा दाब घसरला किंवा तीनांपैकी एक फेज गेली, की मोटार जळते आणि ऐन हंगामात ती वर काढून पुन्हा भरून घेण्यासाठी शेतकऱ्याला तालुक्याच्या गावी धाव घ्यावी लागते. त्या भरणावळीत तांब्याच्या तारेचा आकडा मोठा असतो. रानातील डीपी फोडून त्यातले तांबे पळवण्याचे प्रकार मराठवाड्याच्या परिचयाचे आहेत. माळावर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या आणि शेतात येणारे सौरपंप यांनाही हाच धातू लागतो. म्हणून तांब्याची भट्टी कोठे पेटते, कोणाच्या हाती असते आणि ती विझली तर कोणामुळे विझते, हा विषय आपल्या जिल्ह्याच्या कार्यकर्त्याला परका मानता येणार नाही.

तसा तो पूर्वीही परका नव्हता. आपल्या तालुक्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात तगर नगरीचा उल्लेख आहे. येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई, आणि त्याच बंदरात परदेशातून उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांब्याचे नाव आहे. त्या गोष्टीला दोन हजार वर्षे होत आली. आज देशातील मोठ्या खाजगी तांबे कारखान्यांपैकी एक याच भडोच जिल्ह्यात, दहेज येथे उभा आहे, आणि त्याच्या भट्टीत पडणारे खनिजही मुख्यतः जहाजानेच येते. मधल्या काळात देशाने स्वतःच्या खाणीतून स्वतःच्या भट्टीत तांबे काढण्याचा मोठा सार्वजनिक उद्योग उभारला होता. त्या उद्योगाच्या भट्ट्या आज थंड आहेत. त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, काळाच्या मागे पडल्या होत्या, म्हणून बंद कराव्या लागल्या, असे सांगितले जाते. हे कारण तपासून घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम भट्टीचे काम समजून घेतले पाहिजे. कारण तंत्राच्या नावाखाली ज्या गोष्टी सामान्य माणसापासून दूर ठेवल्या जातात, त्या बहुधा त्याला सहज समजण्यासारख्या असतात. आपल्या देशातील खनिजात तांब्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असते. ते दळून, पाण्यात फेस काढून त्यातील तांबे असलेला चुरा वेगळा करतात. यास सांद्रित खनिज म्हणतात. या चुऱ्यात तांब्याच्या जोडीला लोखंड आणि गंधक भरपूर असतात. भट्टीचे काम म्हणजे हे लोखंड आणि गंधक जाळून बाजूला काढणे. जुन्या परावर्तक भट्टीत वरून तेलाची वा कोळशाच्या भुकटीची ज्वाला सोडून चुरा वितळवीत. इंधन अफाट लागे, आणि गंधकाचा वायू त्या धुरात इतका विरळ होई की त्याचे काही करणे परवडत नसे. तो धुराड्यातून सरळ हवेत जाई आणि आसपासची झाडे करपत.

दुसऱ्या महायुद्धानंतर फिनलंडला विजेची चणचण भासू लागली. तेथील ओटोकुम्पू या सरकारी कंपनीच्या तंत्रज्ञांनी १९४९ साली हार्जावाल्टा येथे नव्या तऱ्हेची भट्टी चालवून दाखवली. कोरडा चुरा तापवलेल्या हवेबरोबर वरून फवारला की त्यातले गंधक आणि लोखंड क्षणात पेट घेतात आणि त्यांच्याच उष्णतेने तांबे वितळते. खनिज स्वतःच स्वतःचे इंधन होते. हीच फ्लॅश भट्टी. हवेत प्राणवायूचे प्रमाण वाढवले की तेवढ्याच भट्टीतून कितीतरी अधिक माल निघतो. शिवाय गंधकाचा वायू दाट निघत असल्याने त्यापासून गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड करता येते. एक टन तांब्यामागे सुमारे तीन टन ॲसिड मिळते, आणि त्या ॲसिडचा मोठा उपयोग खत करण्याकडे होतो. आपला शेतकरी सोयाबीनला जे सुपर फॉस्फेट घालतो ते करण्यास सल्फ्युरिक ॲसिडच लागते. याचा अर्थ असा की, एका भट्टीतून जो धूर होऊन रानाचा नाश करतो, तोच वायू दुसऱ्या भट्टीतून खत होऊन रानात परत येऊ शकतो. भट्टीचे आधुनिकीकरण म्हणजे केवळ मालकाच्या नफ्याची बाब नसते, ती हवेची आणि शेतीची बाब असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आता आपल्या भट्ट्यांकडे वळू. १९६७ साली हिंदुस्तान कॉपर ही सरकारी कंपनी स्थापन झाली. सिंहभूममधील घाटशिला येथे एका ब्रिटिश कंपनीचा जुना तांबे कारखाना होता, त्याचे १९७२ साली राष्ट्रीयीकरण झाले. राजस्थानात झुंझुनू जिल्ह्यातील खेतडी येथे सत्तरच्या दशकाच्या मध्यास खाण, भट्टी, शुद्धीकरण आणि खत अशी संपूर्ण साखळी उभी राहिली. तिची क्षमता वर्षाला सुमारे ३१ हजार टन तांब्याची होती. १९८२ साली मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, आपल्या गोंदियाला लागून असलेल्या मुलखात, मलाजखंडची मोठी खाण सुरू झाली आणि तिचे खनिज खेतडीच्या भट्टीकडे जाऊ लागले. आपल्या रायगड जिल्ह्यातील तळोजे येथे १९८९ च्या सुमारास याच कंपनीचा तांब्याची सळई ओतण्याचा कारखाना निघाला. खाणीपासून तारेपर्यंतची वाट अशी पुरी झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खेतडी आणि घाटशिला या दोन्ही ठिकाणी सत्तरच्या दशकात बसलेल्या भट्ट्या फ्लॅश भट्ट्याच होत्या. म्हणजे ज्या दिवशी त्या पेटल्या त्या दिवशी त्या जगाच्या मागे नव्हत्या, बरोबरीने होत्या.

मग त्या मागे कशा पडल्या? १९९१ नंतर तांब्याच्या आयातीवरील बंधने उठली आणि आयातकर टप्प्याटप्प्याने उतरत गेला. खाजगी कंपन्यांना समुद्रकाठी लाखो टनांच्या नव्या भट्ट्या बांधण्यास मोकळीक मिळाली. त्याच वर्षांत सरकारने आपल्या कंपनीत बदलत्या तंत्राशी बरोबरी राखील असे मोठे भांडवल घातले नाही. उलट तिचे भाग विकण्याची भाषा सुरू झाली. प्राणवायूचे प्रमाण वाढवणे, ॲसिडचा कारखाना नव्या दुहेरी शोषणाच्या पद्धतीचा करणे, उष्णता वाया न घालवता तिच्यापासून वीज काढणे, ही जगभर चाललेली कामे येथे झाली नाहीत किंवा अर्धवट राहिली. नंतर जगाच्या बाजारात तांब्याचा भाव कोसळला तेव्हा तोट्याचा हिशेब मांडण्यात आला. २००८ साली खेतडीची भट्टी बंद झाली. पुढे घाटशिलेचीही थांबली. आज ही कंपनी मुख्यतः सांद्रित खनिज विकते. भट्टीचे काम, म्हणजे ज्या कामातून कौशल्य, रोजगार आणि ॲसिड निर्माण होते ते काम, दुसऱ्यांच्या हाती गेले आहे.

हार्जावाल्टाची भट्टी खेतडीच्या भट्टीहून पंचवीस वर्षांनी थोर. तेथे आजही तांबे वितळते. १९७१ पासून तेथे प्राणवायूची मात्रा वाढवण्यात आली, पुढे वेळोवेळी भट्टीची डागडुजी, अस्तराची बदली, क्षमतेची वाढ होत राहिली. भट्टी ही माणसासारखी म्हातारी होत नसते. तिचे अग्निरोधक विटांचे अस्तर ठराविक वर्षांनी झिजतेच, आणि प्रत्येक बदलीच्या वेळी मालकापुढे प्रश्न असतो की जुनेच पुन्हा बसवावे, नवे घालावे, की काहीच करू नये. आमच्या राज्यकर्त्यांनी वारंवार तिसरे उत्तर निवडले. तेव्हा या भट्ट्या वयाने विझल्या असे म्हणणे सत्याला सोडून आहे. त्या धोरणाने विझल्या.

धाराशिव जिल्ह्याला ही रीत नवी नाही. ढोकीचा तेरणा कारखाना हंगामामागून हंगाम बंद राहिला तेव्हा कामगारांच्या चुली आणि ऊस उत्पादकांची ओढाताण या जिल्ह्याने पाहिली आहे. सहकारी साखर कारखाना असो वा सरकारी तांबे कारखाना, क्रम बहुधा एकच असतो. चांगल्या वर्षांत बॉयलर आणि भट्टीसाठी राखीव निधी बाजूला पडत नाही. वाईट वर्षांत ‘यंत्रे जुनी झाली’ असे कानावर येते. अखेरीस यंत्रांच्या जुनेपणाची शिक्षा कामगाराला आणि सभासदाला होते, आणि निधी न ठेवणाराला कोणी जाब विचारत नाही.

आमच्या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप आम्ही टाळू इच्छित नाही. पहिला आक्षेप आकाराचा. आधुनिक भट्टी चार-पाच लाख टनांची असते. मुंद्रा येथे २०२४ साली सुरू झालेला खाजगी कारखाना पाच लाख टनांचा आहे. हिंदुस्तान कॉपरच्या खाणींतून निघणारे तांबे मात्र वर्षाला जेमतेम पंचवीस-तीस हजार टन. एवढ्यासाठी भट्टी कशाला, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण याच कंपनीने वर्षाला सुमारे चाळीस लाख टन असलेले खनिज उत्पादन १ कोटी २२ लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. ते साधले तर सांद्रित खनिज तिपटीच्या घरात जाईल. तेवढ्याचा विचार करून मध्यम आकाराची, प्राणवायूवर चालणारी एक भट्टी आखणे हे काही स्वप्नरंजन नव्हे. खाण तिप्पट करण्याची योजना करायची आणि भट्टीची करायचीच नाही, याचा अर्थ वाढलेले सारे खनिज कोणाच्या तरी दुसऱ्याच्या भट्टीसाठी काढायचे असा होतो.

दुसरा आक्षेप बाजाराचा. जगात भट्ट्या फार झाल्या आणि खनिज कमी पडू लागले. त्यामुळे खनिज वितळवून देण्याबद्दल भट्टीवाल्याला मिळणारी मजुरी घसरली आहे. वार्षिक करारांचा जो दर २०२४ साली टनामागे ८० डॉलर होता, तो २०२५ साली सव्वाएकवीस डॉलरवर आला. अशा वेळी नवी भट्टी म्हणजे खड्ड्यात पैसा, असे हिशेबनीस सांगतात. पण हा हिशेब कोणाचा? ज्याची खाण नाही आणि जो सर्व खनिज परदेशातून विकत आणतो, त्याचा. ज्याची खाण स्वतःची आहे त्याच्या एका खिशातून गेलेली मजुरी दुसऱ्या खिशात पडते. देशात तांब्याच्या खाणी आणि भट्ट्या दोन्ही बाळगणारी संस्था सार्वजनिक क्षेत्रातच होती, आणि ज्या संकटात तिचा खरा उपयोग दिसला असता, त्याच्या आधीच तिचा एक हात तोडण्यात आला.

तिसरा आक्षेप मात्र सर्वांत गंभीर आहे आणि तो आपल्याच बाजूच्या माणसांकडून येतो. तांब्याची भट्टी मुळात हवीच कशाला? १९९३ साली रत्नागिरीत स्टरलाइट कंपनीचा तांबे कारखाना बांधला जात असता आंबा बागायतदार, मच्छीमार आणि नगरवासी रस्त्यावर उतरले. राज्य सरकारला काम थांबवावे लागले. लोकचळवळीच्या इतिहासातील हा विजय आम्ही मोलाचा मानतो. परंतु भट्टी नाहीशी झाली नाही. ती तामिळनाडूतील तूतुकुडी येथे गेली आणि तेथे १९९६-९७ च्या सुमारास पेटली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाच्या हानीबद्दल कंपनीला १०० कोटी रुपये भरण्यास सांगितले. २२ मे २०१८ रोजी, आंदोलनाच्या शंभराव्या दिवशी, निदर्शकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि १३ माणसे प्राणास मुकली. न्यायमूर्ती अरुणा जगदीशन आयोगाने या गोळीबाराबद्दल पोलिसांवर ठपका ठेवला. कारखाना बंद झाला, आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उघडण्याची मागणी फेटाळली. या बंदीनंतर भारत शुद्ध तांब्याचा निव्वळ आयातदार झाला. कोकणच्या किनाऱ्यावरून हटवलेले संकट दुसऱ्या किनाऱ्यावरच्या कष्टकऱ्यांच्या माथी गेले, आणि ते तेथूनही हटले तेव्हा आपण तांबे बाहेरून आणू लागलो, म्हणजे धूर आणखी दूरच्या कोणाच्या तरी गावावर सोडू लागलो.

तूतुकुडीची भट्टी जुनाट नव्हती, हेही लक्षात ठेवावे. ती ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या आयसास्मेल्ट पद्धतीची, त्या काळी नवी मानली जाणारी होती. नवे यंत्र आणले म्हणजे लोकांची फुफ्फुसे आपोआप सुरक्षित होत नाहीत. यंत्र स्वच्छ चालवायचे तर ॲसिडचा कारखाना बिघडला त्या तासाला भट्टी मंद करावी लागते, उत्पादन बुडवावे लागते. हा निर्णय नफ्याचा वाटेकरी सुखासुखी घेत नाही. त्याच्यावर नजर ठेवणारे कोणी असावे लागते.

आणि ही नजर केवळ मालकी सरकारी असल्याने निर्माण होते असेही समजू नये. चिलीने १९७१ साली आपले तांबे राष्ट्राच्या मालकीचे केले. अनेक दशके समाजवाद्यांना तो आदर्श वाटत आला. पण त्याच चिलीच्या सरकारी कोडेल्को कंपनीने व्हेंटानास येथील १९६४ सालची भट्टी लोकवस्तीशेजारी जुन्या अवस्थेत चालू ठेवली. आसपासच्या शाळांतील मुले विषारी वायूने आजारी पडत राहिली, आणि अखेर डाव्या विचारांच्याच सरकारला ३१ मे २०२३ रोजी ती विझवावी लागली. कामगारांनी या निर्णयाविरुद्ध संप केला होता. एका बाजूला मुलांचा श्वास आणि दुसऱ्या बाजूला कामगारांची भाकरी अशी निवड करण्याची पाळी ज्या व्यवस्थेवर येते, तिने ती निवड वीस वर्षे आधीच, भट्टीचे नूतनीकरण टाळून, केलेली असते. आम्हांस या उदाहरणाचा बोध असा वाटतो की, सार्वजनिक मालकी ही आवश्यक आहे, पण ती पुरेशी नाही. नूतनीकरणासाठी पैसा आणि कारभारावर लोकांचे नियंत्रण या दोन गोष्टी तिला जोडल्या नाहीत, तर सरकारी भट्टीही खाजगी भट्टीसारखीच वागते.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. सार्वजनिक क्षेत्रातील तांब्याचे खनिज देशातच, सार्वजनिक मालकीच्या आधुनिक भट्टीत वितळवले जावे आणि खाणवाढीच्या योजनेतच तिची तरतूद असावी. खेतडी किंवा घाटशिला येथील वसाहत, पाणी, रेल्वे आणि कुशल हात यांचा आधी विचार व्हावा. नवी सुपीक जमीन घेण्याची घाई होऊ नये. नफ्यातील ठराविक हिस्सा अस्तर, ॲसिड कारखाना आणि वायुशुद्धी यांसाठी कायद्याने राखून ठेवला जावा, म्हणजे वाईट वर्षात ‘पैसा नाही’ ही सबब उरणार नाही. धुराड्यातील वायूचे मोजमाप तासातासाला गावच्या चावडीवर दिसावे, आणि मर्यादा ओलांडली की भट्टी मंद करण्याचा अधिकार कामगार संघटना आणि ग्रामसभा यांच्या संयुक्त समितीस असावा. यंत्र बदलताना ज्या कामगाराचे काम जाईल त्याला नव्या यंत्राचे शिक्षण मिळावे. आधुनिकीकरण हे कपातीचे दुसरे नाव होऊ नये.

याच्या जोडीला मोडीचा प्रश्न आहे. जळालेल्या मोटारीतून निघालेले तांबे भंगाराच्या दुकानी जाते आणि तेथून कोठल्या तरी आडवळणाच्या भट्टीत पडते. तारेवरचे प्लॅस्टिक उघड्यावर जाळून ती सोलणारे हात बहुधा गरिबांचे, पुष्कळदा मुलांचे असतात. मोडीतून तांबे काढण्यास खनिजातून काढण्याच्या मानाने फारच थोडी ऊर्जा लागते. म्हणून मोड गोळा करणाऱ्यांच्या सहकारी संस्था आणि त्यांच्यासाठी धूर आवरणाऱ्या लहान भट्ट्या ही मागणी मोठ्या भट्टीच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे. आणि ती धाराशिव, तुळजापूर, उमरगा येथून सुरू करता येण्याजोगी आहे.

कार्यकर्त्यांना आमचे सांगणे इतकेच. जळक्या मोटारींचा आणि डीपीचा प्रश्न घेऊन वीज कार्यालयावर जे मोर्चे आपण नेतो, त्यांत तांब्याच्या भावाचा आणि भट्टीच्या मालकीचा प्रश्न मांडण्यास संकोचू नका. शेतकरी हा संबंध चटकन ओळखतो. भरणावळीचे बिल त्याच्या खिशातच असते. आपल्या भागातील मोटार भरणाऱ्या कारागिरांना सभेस बोलवा, मोड विकत घेणाऱ्यांची आणि सोलणाऱ्यांची माहिती तालुकावार जमवा, ग्रामसभांत ठराव करा. ‘यंत्र जुने झाले’ असे कोणीही म्हटले, मग तो तांब्याचा कारखाना असो की उसाचा, की त्याला पहिला प्रश्न हा विचारा: नवे घेण्यासाठी ठेवलेला पैसा कोठे आहे, आणि तो खर्च न करण्याचा ठराव कोणी केला?